जमिनीचा करार : एकट्याचा आणि गावाचा



आपला कोलार रोड आज जितका गजबजलेला दिसतो, तितका तो पूर्वी नव्हता. बंजारी, गेहूंखेडा, बैरागढ चिचली ही नावे आज आपण वसाहतींची किंवा थांब्यांची म्हणून उच्चारतो. मुळात ती गावांची नावे आहेत. कोलारची नगरपालिका २०१४ साली भोपाळ महानगरपालिकेत विलीन झाली, आणि शेतांच्या जागी घरांच्या रांगा उठण्याचा जो क्रम आधीच सुरू होता त्यावर सरकारी शिक्का बसला. ही घरे कोणी बांधली हे आपल्याला ठाऊक असते. परंतु त्यांच्या खालची जमीन कोणी, केव्हा आणि कोणत्या अटींवर दिली, याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

शहर पसरू लागले म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. जो शेतकरी आधी विकतो त्याला शेताचा भाव मिळतो. जो शेवटी विकतो त्याला वस्तीचा. दोघांची माती एक, बांध एक, पुष्कळदा विहीरही एक; भाव तेवढा निराळा. हा फरक नशिबाचा आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः जमिनीचा सौदा एकट्याने करावा की शेजाऱ्यांनी मिळून, या प्रश्नाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. हा प्रश्न अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या करारांच्या निमित्ताने अगदी उघड्यावर आला. म्हणून प्रथम तिकडे जाऊ, आणि मग आपल्या मुलखाकडे वळू.

अमेरिकेत सामान्यतः जमिनीचा मालक हाच तिच्या पोटातील खनिजांचाही मालक असतो, मात्र पूर्वीच्या एखाद्या मालकाने तो हक्क वेगळा काढून विकलेला नसला पाहिजे. जमिनीखाली वायू आहे असा अंदाज आला की कंपनी तेथील शेत विकत घेत नाही. वायू काढण्याचा हक्क तेवढा ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेते. सही करताच मालकाला एकरी ठरलेली रक्कम मिळते, आणि पुढे वायू निघू लागला म्हणजे त्याच्या किमतीतील हिस्सा मिळतो. या हिश्शाला स्वामित्वधन म्हणतात. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७९ च्या कायद्यान्वये हा हिस्सा निदान एक अष्टमांश, म्हणजे शेकडा साडेबारा, असलाच पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे आपल्याला अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क या राज्यांच्या खाली मार्सेलस नावाचा, पाटीच्या दगडासारखा घट्ट खडकाचा थर आहे. त्यात अडकलेला वायू बाहेर काढण्याची रीत साधल्यावर, २००५ नंतरच्या काही वर्षांत, कंपन्यांची माणसे शेतकऱ्यांच्या दारोदार फिरू लागली. असा माणसाजवळ कागद तयार असतो, बोलणे गोड असते, आणि शेजाऱ्याने कालच सही केली असे तो सांगतो. शेतकऱ्याला आपल्या शेताची खडान्‌खडा माहिती असते. परंतु पलीकडच्या खोऱ्यात काय भाव निघाला, खडकाचा थर किती जाड आहे, कंपनीला कोणता तुकडा किती निकडीने हवा आहे, यांपैकी त्याला काहीच ठाऊक नसते. कंपनीला हे सारे ठाऊक असते. करार दोघांचा असला तरी दिवा एकाच्याच हातात असतो.

एकट्याची दुसरी अडचण याहून चमत्कारिक आहे. वायू हा पदार्थ बांध मानीत नाही. १८८९ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल आणि वायू यांची तुलना रानातल्या श्वापदाशी केली. हरिण माझ्या रानात चरत असेल तोवर माझे. कुंपण ओलांडून तुमच्या रानात गेले आणि तुम्ही धरले की तुमचे. तेव्हा एखाद्या करारी शेतकऱ्याने "मी देत नाही जा" असे म्हटले, तरी शेजारच्या कूपातून त्याच्या पायाखालचा वायू निघून जाण्याचा संभव उरतोच. एकट्याचा नकार हे पुष्कळदा अब्रूचे समाधान असते, संरक्षण नव्हे. मार्सेलससारख्या घट्ट खडकात मात्र गोष्ट थोडी पालटते. तेथे वायू आपण होऊन फारसा वाहत नाही. कूप खाली उतरून मग आडवा वळवावा लागतो आणि तो मैल-दीड मैल कित्येक शेतांखालून जातो. म्हणजे कंपनीला सलग जमीन लागते, मधले एखादे शेत वगळून तिचे काम नीट होत नाही. शेतकऱ्यांच्या संघांना बळ आले ते येथून.

शेतकरी प्रार्थनामंदिरांच्या सभागृहांत आणि शाळांच्या खोल्यांत जमू लागले. त्यांनी नकाशे पसरले, कोणाचे किती एकर याची बेरीज केली, सर्वांच्या वतीने एक वकील नेमला, आणि कंपनीने दारी यावे याऐवजी कंपन्यांनीच आमच्यापुढे बोली बोलावी असा पवित्रा घेतला. आरंभी ज्यांनी एकट्याने सह्या केल्या होत्या त्यांच्यापैकी कित्येकांना एकरी शंभर डॉलरसुद्धा मिळाले नव्हते. २००८ मध्ये संघांनी केलेल्या काही करारांत हा आकडा दोन हजारांच्या पुढे गेला. ही सारी वाढ एकजुटीमुळेच झाली असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या काळात वायूचा भावही चढला होता आणि खडकाची खरी योग्यता उघड झाली होती. पण पैशाखेरीज ज्या अटी मिळाल्या, त्या मात्र एकट्याला क्वचितच मिळत. काम सुरू होण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासून घेणे, खणण्याची जागा घरापासून अमुक अंतरावर ठेवणे, रस्ता खराब झाल्यास दुरुस्त करून देणे, अशा त्या अटी होत.

शब्दांच्या बाबतीत सावध राहण्याचा धडाही तेथेच मिळाला. एक अष्टमांश हिस्सा, ठीक, पण कशाचा? कूपाच्या तोंडाशी असलेल्या वायूच्या किमतीचा, की तो शुद्ध करून, दाबून, बाजारात नेऊन विकल्यानंतरच्या किमतीचा? हा वाद न्यायालयात गेला. २०१० साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की हा मधला खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर हिस्सा मोजणे त्या कायद्याच्या विरुद्ध नाही. ज्यांच्या करारात "कोणताही खर्च वजा न करता" असे चार शब्द लिहिलेले होते ते वाचले. बाकीच्यांचे साडेबारा कागदावर साडेबाराच राहिले आणि हातात कमी पडू लागले.

संघ हा काही कल्पवृक्ष नव्हे, हेही २००८ सालीच दिसले. टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहराच्या आसपासच्या वस्त्यांनी असेच गट केले होते आणि बोली एकरी पंचवीस हजार डॉलरांच्या घरात पोचली होती. २००८ च्या शरद ऋतूत बाजार कोसळला, वायूचा भाव उतरला, आणि कंपन्यांनी अनेक ठिकाणी पुढे केलेला हात मागे घेतला. आणखी थोडे थांबू, आणखी थोडे मिळेल, असे म्हणणाऱ्या गटांच्या हाती त्या वेळी काहीच पडले नाही. गटात निर्णय घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बाजार थांबतोच असे नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे पहिलाच फरक मूलभूत आहे. भूगर्भावर मालकी कोणाची, या विषयी ८ जुलै २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या मलबार भागातील जमीनमालकांच्या दाव्यात असे सांगितले की, एखाद्या कायद्याने काढून घेतला नसेल तर जमिनीखालचा हक्कही मालकाचाच असतो. परंतु खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या बाबतीत १९४८ चा कायदा आणि त्याखालील नियम यांनी पट्टे देण्याची सत्ता सरकारच्या हाती ठेवली आहे, आणि स्वामित्वधनही सरकारी खजिन्यात जमा होते. आपल्याच राज्यात शहडोल जिल्ह्यातील सोहागपूर भागात कोळशाच्या थरांतून वायू काढला जातो. २०१७ पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. तेथील शेतकऱ्याला जे मागता येते ते त्याच्या जमिनीच्या पृष्ठभागासाठी. पोटातील वायूत त्याचा अष्टमांश नाही, शतांशही नाही.

शहडोलला वायू निघतो; पण जेथून तो नुसता जातो अशी गावे त्याहून कितीतरी अधिक. गुजरातेतील हजीऱ्याहून निघून आपल्या गुना जिल्ह्यातील विजयपूरवरून उत्तर प्रदेशातील जगदीशपूरकडे जाणारी वाहिनी १९८० च्या दशकात घातली गेली. कोकणातील दाभोळहून निघालेली वाहिनी २०१३ साली बंगळूरपर्यंत पोचली. अशा वाहिन्यांसाठी १९६२ चा एक स्वतंत्र कायदा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या मुलांनी समजून घेण्याजोगा आहे. या कायद्याने सरकार जमीन घेत नाही. जमिनीचा फक्त "वापराचा हक्क" घेते. मालकी शेतकऱ्याचीच राहते, नळी पुरून झाल्यावर तो पुन्हा नांगर धरू शकतो. मात्र त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. या बंधनाचा मोबदला म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या शेकडा दहा इतकी रक्कम आणि पिकाझाडांचे जे नुकसान झाले असेल त्याची भरपाई, असा नियम आहे.

तुमच्या ध्यानात आले असेल की येथे "देत नाही" असे म्हणण्याची सोयच नाही. मग गावाने एकत्र येऊन करायचे काय? थोडे, पण अगदी निरुपयोगी नव्हे. अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत नोंदविता येते. शेकडा दहा हा आकडा सर्वांना सारखा असला तरी नळीचा घाव सर्वांना सारखा लागत नाही. वीस एकरांच्या शेतातून एक पट्टा गेला तर फारसे अडत नाही. दोन एकरवाल्याची विहीर खणण्याजोगी एकुलती एक जागा त्या पट्ट्यात सापडली तर त्याचे शेत कायमचे कोरडवाहू राहते. नळी शेताच्या मध्यातून न नेता बांधाच्या कडेने न्या, असे एकट्याने म्हटले तर ते गाऱ्हाणे ठरते. ओळीने दहा खातेदारांनी नकाशा काढून लेखी म्हटले, तर अधिकाऱ्याला निदान त्याचे उत्तर द्यावे लागते. झाडांची मोजणी एकाच दिवशी, सर्वांच्या समक्ष करून घेणे, हाही एकजुटीचाच एक प्रकार. भरपाईचा आकडा मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते, आणि वकिलाचा खर्च दहांत वाटला गेला म्हणजे ते दार गरिबालाही उघडे होते.

"गाव करी ते राव न करी" ही म्हण आपण निबंधांत सढळ हाताने वापरतो. पण गाव म्हणजे कोण, हा प्रश्न ती म्हण विचारीत नाही. तो विचारला मुळशीने.

पुण्याच्या पश्चिमेस मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधण्यास घेतले, तेव्हा मावळातील पन्नासाच्या आसपास गावांवर गंडांतर आले. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घ्यायची होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. आरंभीची एकजूट इतकी मोठी होती की कंपनीला काही काळ काम थांबवावे लागले. पुढे ती का विरली? सरकारची दडपशाही होतीच. पण दुसरे कारण जमिनीच्या कागदांत दडलेले होते. त्या खोऱ्यातील पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची होती. मावळे ती पिढ्यान्‌पिढ्या कसत होते. सावकाराला जमिनीऐवजी चांगला मोबदला चालत होता. मावळ्याला मोबदला नको होता, जमीन हवी होती. एकाच सभेत, एकाच घोषणेखाली बसलेल्या या दोन पक्षांना दोन निरनिराळ्या गोष्टी हव्या होत्या. मोबदल्याची बोलणी पुढे सरकली तसे सावकार बाजूला झाले आणि १९२४ अखेर लढा संपला. माझ्या मते मुळशीचा पराभव धैर्याच्या उणिवेने झाला नाही. मालक आणि कसणारा यांचे हित एक नव्हते, आणि ते एक असल्यासारखे सर्वजण वागत राहिले, त्याने झाला.

माझी मातृभाषा कोकणी. तेव्हा आमच्या गोव्यातील गांवकारीचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. गावातील जमीन सर्व गांवकारांची मिळून, ती दरवेळी लिलावाने खंडाने लावायची, आलेल्या पैशातून बांध, खाजणे, देवालय यांचा खर्च भागवायचा आणि उरलेला भाग गांवकारांत वाटून घ्यायचा, अशी ही व्यवस्था. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून ती चालत आलेली होती. १५२६ साली त्यांनी तिचे नियम सनदेत उतरवून घेतले. शेतजमिनीचा करार एकट्याने न करता गावाने करण्याची इतकी जुनी आणि इतकी रीतसर उदाहरणे आपल्याकडे थोडी. पण तिलाही दोष होता, तो मुळशीचाच. गांवकार म्हणून ज्याचा जन्म झाला त्यालाच वाटा. त्याच शेतात घाम गाळणाऱ्या कुळाला नाही. पुढे १९६४ च्या कूळकायद्याने आणि विशेषतः १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना हक्क दिले, तेव्हा गांवकारीच्या हातून पुष्कळ जमीन गेली. गांवकार घराण्यांना त्याचे दुःख होते. कुळांच्या घरांत त्या साली दिवाळी झाली असेल.

शहराच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काय करता येते, याचा मराठी मुलखातील सर्वांत ठळक दाखला पुण्याजवळच्या हडपसरचा. तेथील मगरपट्टा या शिवारात सुमारे चारशे एकर जमीन सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांकडे होती. त्यांतील पुष्कळशी मगर आडनावाची, एकमेकांची भाऊबंद. १९८० च्या दशकातील विकास आराखड्यात ही जमीन शहरी वाढीच्या पट्ट्यात आली, तेव्हा पुढचे चित्र स्पष्ट होते. एकेक जण एकेक तुकडा विकणार, पैसा लग्नकार्यांत आणि गाड्यांत संपणार, आणि मालकाची मुले त्याच जागी उठलेल्या इमारतीच्या दारावर पहाऱ्याला बसणार. सतीश मगर या शेतकी पदवीधर तरुणाने घरोघर जाऊन दुसरी योजना मांडली. जमीन विकायचीच नाही. सर्वांनी मिळून कंपनी काढायची, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग, आणि नगर आपणच वसवायचे. पटवून देण्यात कित्येक वर्षे गेली. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावयास नको, तेव्हा ही वर्षे कशी गेली असतील याची कल्पना करता येते! शासनाची संमती मिळून २००० सालाच्या सुमारास बांधकामास आरंभ झाला. ऊस पिकविणारी कुटुंबे कार्यालयांच्या भाड्यातील हिस्सेदार झाली. अनेकांच्या मुलांनी त्याच नगरातील बांधकामाची, बागांची, पुरवठ्याची कामे अंगावर घेतली. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड येथेही याच धर्तीवर, याहून मोठ्या क्षेत्रावर नगर उभे राहिले.

मगरपट्ट्याचे कौतुक करताना दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. तेथे मालक आणि कसणारा बहुतांशी एकच होते. मुळशीची फूट तेथे पडण्याचे कारण नव्हते. आणि भाग जमिनीच्या प्रमाणात होते, म्हणून ज्या मजुराच्या नावावर गुंठाही नव्हता त्याचा भागही नव्हता.

जेथे सरकारच जमीन घेते, तेथे एकजुटीला रस्त्यावर उतरावे लागते. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादन होऊ लागल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी, कोळी, कऱ्हाडी शेतकऱ्यांनी लढा दिला; १९८४ च्या जानेवारीत जासई आणि परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. अखेर शासनाने पैशाशिवाय विकसित जमिनीचा हिस्सा परत देण्याचे मान्य केले. तो हिस्सा किती ठरला? शेकडा साडेबारा. पेनसिल्व्हेनियाच्या आमदारांनी आणि उरणच्या आगऱ्यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नसणार. तरी मालकाचा न्याय्य वाटा म्हणून दोहोंकडे एक अष्टमांशच पुढे यावा, हा योगायोग गमतीचा खरा. फरक इतकाच, की तिकडे तो विधिमंडळात मिळाला.

आता शेवटची एक गोष्ट, जी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची आहे. भोपाळात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन बहुधा कोकणात, वऱ्हाडात किंवा खानदेशात कुठेतरी असते, आणि तिच्या सातबाऱ्यावर आजोबा, चुलत आजोबा, काका, आत्या अशी दहा-पंधरा नावे असतात. म्हणजे आपण मागितला नसतानाही जन्मतःच एका संघाचे सभासद असतो. या संघाची सभा कधी भरत नाही, आणि त्याच्यातून फुटणे फार सोपे असते. न वाटलेल्या जमिनीतील आपला हिस्सा एखाद्या भागीदाराने परक्याला विकला, तर १८८२ च्या कायद्याप्रमाणे तो परका त्याच्या जागी येऊन उभा राहतो आणि वाटणी मागू शकतो. राहत्या घराला तेवढे काही संरक्षण आहे. एखादा प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की दलाल प्रथम शोधतो तो गावापासून सर्वांत दूर राहणारा, भावाची माहिती नसलेला भागीदार. तो आपणच असण्याचा संभव मोठा आहे! २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे; तेव्हा "तिची सही लागत नाही" असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा मागून घ्या आणि त्यावरील नावे आजीला वाचून दाखवा. कोण कोठे राहतो, कोण हयात आहे, कोणाचे वारस नोंदविलेले नाहीत, हे तिला बहुधा तोंडपाठ असते. ते वहीत उतरवून ठेवा. ज्यांची जमीन इकडेच आहे त्यांनी पटवाऱ्याकडे जावे. मध्य प्रदेशात या कामाचे कागद खसरा आणि बी-१ या नावांनी मिळतात.